म्युनिकचे संगणक आणि आपली संगणक खोली
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तुझ्या धंद्यातलं बोल, पण आम्हाला कळेल असं बोल," अशी अट घालून संयोजकांनी मला उभं केलं आहे. दुपारच्या बैठकीत शाळेच्या संगणक खोलीसाठी जमलेल्या निधीचा निर्णय व्हायचा आहे, म्हणून त्याला धरूनच बोलतो.

आपण शाळा सोडली त्याच वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये, हेलसिंकीत शिकणाऱ्या लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलानं जाहीर केलं की तो हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. तीच पुढे लिनक्स झाली. प्रोग्रॅमर जो मजकूर लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. कंपन्या तो सहसा तिजोरीत ठेवतात आणि आपल्याला फक्त वापरायचा परवाना विकतात. टोरवाल्ड्सनं तो सगळ्यांसमोर ठेवला आणि पुढच्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी तयार केलेला परवाना त्याला लावला. वाचा, बदला, वाटा. पण बदललेलं वाटलंत तर तेही तितकंच खुलं ठेवा, एवढीच त्याची अट.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहिलं होतं. आमचा प्रोग्रॅम तुम्ही फुकट उतरवून घेता, मग चांगला प्रोग्रॅम लिहायला कोण बसेल, असा त्यांचा सवाल होता. सवाल खोटा नव्हता. घाम गाळणाऱ्याला मोबदला मिळायला हवा, हे आपल्यातल्या प्रत्येक दुकानदाराला आणि शेतकऱ्याला पटेल. पण २००१ मध्ये त्याच मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटलं, तेव्हा भांडण मोबदल्यापुरतं राहिलं नव्हतं. ते बाजारावरच्या पकडीचं झालं होतं.

या झुंजीचा सगळ्यात शिकवणारा डाव जर्मनीतल्या म्युनिक शहरात झाला. तिथल्या नगरपालिकेचे सुमारे चौदा हजार संगणक विंडोज एनटीवर चालायचे आणि कंपनी त्या आवृत्तीचा आधार काढून घेणार होती. नवी आवृत्ती घ्यायची की लिनक्स, असा प्रश्न पडला. २००३ मध्ये बाल्मर स्वतः महापौर क्रिस्टियान ऊडे यांना भेटायला गेले, सवलत देऊ केली. तरी नगरपालिकेनं लिनक्स निवडलं. २०१३ अखेर बहुतेक संगणक त्यावर आले. पुढे महापौर बदलले, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, बाहेरून आलेली कागदपत्रं नीट उघडत नव्हती. २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचं ठरलं. आणि २०२० मध्ये आलेल्या नव्या आघाडीनं पुन्हा, शक्य तिथे खुलं सॉफ्टवेअर, असं धोरण स्वीकारलं.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, दुसरा पर्याय समोर उभा राहिला तेव्हाच बलाढ्य कंपनीनं भाव कमी केला. दोन, परवाना फुकट असला तरी निगा फुकट नसते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या खुल्या प्रोग्रॅममध्ये मोठा दोष सापडला. इंटरनेटवरच्या असंख्य व्यवहारांची राखण करणारा तो प्रोग्रॅम मूठभर माणसं सांभाळत होती, हे जगाला तेव्हा कळलं.

मग जिंकलं कोण? जगातले सर्वात वेगवान ५०० महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्स आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१८ मध्ये गिटहब ही खुल्या कोडची मोठी पेठ ७.५ अब्ज डॉलरला विकत घेतली. पण कचेरीतल्या टेबलावर अजून विंडोजच आहे. आपल्याकडच्या भाषेत, कुस्ती बरोबरीत सुटली.

आता शाळेकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. आपल्या खोलीतले बावीस संगणक विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत. म्हणजे म्युनिकचाच प्रश्न आपल्या दारात आला आहे. यंत्रं धडधाकट आहेत, तरी ती भंगारात काढून नवी घ्यावीत असा एक प्रस्ताव आहे. त्यात आपला जवळजवळ सगळा निधी जाईल.

शिवाय आपल्या भाषेचा मुद्दा आहे. शाळेच्या कपाटात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या सीडी आहेत. ज्या फॉन्टमध्ये त्या टाइप केल्या तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. मजकूर बाईंनी लिहिलेला, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात. युनिकोड हे सर्वांसाठी खुलं मानक आलं, प्रतिस्पर्धी कंपन्यांनी ते एकत्र बसून केलं, म्हणून आज कुठल्याही फोनवर लिहिलेली मराठी कुठल्याही फोनवर वाचता येते.

म्हणून माझी सूचना अशी. कार्यालयातले दोन संगणक विंडोजवरच राहू द्यावेत; बाहेरच्या कागदपत्रांचा ताप म्युनिकनं भोगला, तो आपल्या क्लार्कभाऊंना नको. मुलांच्या बावीस संगणकांवर लिनक्स आणि लिबरऑफिस घालू या. वाचलेल्या पैशातून इन्व्हर्टर, नवे कीबोर्ड आणि संगणक शिकवणाऱ्या बाईंचं प्रशिक्षण होईल. आणि निगेचं काय, याचं उत्तर पैशात नाही, माणसांत आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आपल्यातल्या दोघांनी शाळेत जायचं. पहिल्या सहा महिन्यांसाठी माझं नाव लिहून घ्या, दुसरं नाव मला आज हवं आहे.

सर, तुम्ही आम्हाला रेडिओ उघडून दाखवला होता, आत काय आहे ते बोट ठेवून सांगितलं होतं. आताच्या मुलांनाही संगणक उघडून बघता यावा, एवढंच माझं मागणं आहे.