संसारातली भक्ती



मी सातवी शिकलेली बाई. मोठे भाषण मला येत नाही. घरात अनुभवाला आले तेवढेच सांगते.

आम्हां ख्रिस्ती लोकांच्या लग्नात पौलाचे इफिसकरांस पत्र पुष्कळदा वाचतात. पत्नीने पतीच्या अधीन असावे, एवढेच लोकांच्या ध्यानात राहते. पण त्याच पाचव्या अध्यायातले २१ वे वचन एकमेकांच्या अधीन राहायला सांगते. आणि २५ वे वचन पतीवर केवढा भार घालते! ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला, तशी प्रीती त्याने पत्नीवर करायची. एकच वचन दाखवून बायकोला गप्प बसविणे ही भक्ती नव्हे.

कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंचे मन तयार नव्हते. त्यांनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. श्रद्धा नवऱ्याच्या हुकुमाने येत नाही, हे त्या संसाराने दाखविले.

आमच्या घरी एक रीत आहे. देवळात प्रभुभोजन असेल त्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघे समोरासमोर बसतो. मनात काही अढी असली तर तेव्हाच बोलून मिटवितो. बहुधा हेच आधी बोलतात. मग मलाही राग धरवत नाही. रुसल्या मनाने प्रभूच्या भाकरीला हात लावायचा कसा?

तेव्हा बायांनो, देवळात पुढे कोण बसते यापेक्षा घरी आधी क्षमा कोण मागते, ते पाहा. शेजारीण आपला धर्म त्यावरूनच ओळखते.