‘आज रात्री वीज बंद होईल’

‘बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री वीज बंद होईल’ असा संदेश हा फिशिंगचा नेहमीचा नमुना. सरकारी वीज कंपनीचे नाव पाहून ग्राहक विश्वास ठेवतो आणि सोबतचा दुवा उघडतो. वीज जाण्याची भीती त्याला विचार करायला उसंत देत नाही, आणि ठगाला नेमके हेच हवे असते.

ईमेलमध्ये आयकर परताव्याचे आमिष असते. पाठवणाऱ्याचे नाव कोणालाही हवे ते लिहिता येते, म्हणून पत्ता पाहावा, आणि तो शेवटाकडून वाचावा. आयकर विभागाचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो. हीच अक्षरे मध्ये आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल, तर संकेतस्थळ दुसऱ्याचेच. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट ठरवून दिला असून त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. मात्र पत्ता बरोबर वाटला तरी ओटीपी, पिन कोणालाही देऊ नये. बिल तपासायचे तर कंपनीचे संकेतस्थळ स्वतः उघडावे किंवा छापील बिलावरील क्रमांकावर विचारावे.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात पोहोचून काढली जाण्याआधी तक्रार झाली, तर ती गोठवता येते.