मैफलीतील अनाहूत षड्ज

गेल्या वर्षीच्या आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातील ही गोष्ट. पडदा वर जाण्यास पाचच मिनिटे उरली होती. गाण्याच्या साथीचे स्वर एका विद्यार्थ्याने लॅपटॉपमध्ये भरून आणले होते. त्याने लॅपटॉपची तार मिक्सरला जोडली मात्र, आणि सभागृहभर एक जाडाभरडा घुमारा पसरला. ध्वनिवर्धक सांभाळणाऱ्या गृहस्थांनी खिशातून पक्कड काढली व चार्जरच्या प्लगची जाड पिन तोडावयास ते सरसावले. मी त्यांचा हात धरला. तो का धरला, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा घुमारा येतो कोठून? आपल्याकडील विजेची सेकंदास ५० आवर्तने होतात. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर व मिक्सर दुसऱ्या भिंतीवर जोडला, की दोहोंचे अर्थिंग निरनिराळ्या वाटांनी जमिनीस मिळते. त्या दोन वाटांच्या विद्युत्‌दाबात किंचित फरक असतो. लॅपटॉप व मिक्सर यांना सांधणाऱ्या तारेमुळे वर्तुळ पुरे होते आणि तिच्या बाहेरील जाळीतून थोडी वीज वाहू लागते. तीच सुरात मिसळून घुमते. तंबोऱ्याचा षड्ज आपण हौसेने लावतो; हा षड्ज मात्र न बोलावता येऊन बसतो, आणि गायकाच्या पट्टीची त्याला पर्वा नसते!

परीक्षा सोपी आहे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. घुमारा थांबला, तर दोष चार्जरच्या वाटेने येतो असे समजावे. कार्यक्रम लहान असेल, तर हाच उपायही होय. मोठ्या कार्यक्रमात लॅपटॉप व मिक्सर यांना उत्तम अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावरून वीज द्यावी. आवाजाच्या तारा विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात. ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडाव्यात. तरीही घुमारा राहिला, तर मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डी. आय. बॉक्स जोडावा. त्यातून स्वर चुंबकत्वाच्या द्वारे पलीकडे जातो. त्यावरील ‘ग्राउंड लिफ्ट’ची कळ फिरविली, की जाळीची जोडणीही तुटते व वर्तुळ मोडते. भिंतीतील अर्थिंगला मात्र धक्का लागत नाही.

पिन तोडल्यानेही घुमारा थांबतो, हे खरे. तथापि चार्जरमध्ये बिघाड होऊन वीज लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर आली, तर तिला जमिनीकडे नेणारी आणि फ्यूज उडविणारी वाट म्हणजे ती पिन. ती वाट तोडली, तर वीज दुसरी वाट शोधणार. ती लॅपटॉपवर बोटे ठेवलेल्या मुलाच्या अंगातूनही जाऊ शकेल.

त्या दिवशी आम्ही पिन राखली, चार्जर काढला. अर्ध्या तासाचे गाणे बॅटरीवर निर्वेध पार पडले. श्रोतेहो, बेसूर घुमारा एक वेळ सोसावा. मुलाच्या जिवाशी खेळ मात्र करू नये.