वाट कुणाच्या बापाची?

(जत येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, ‘तरुणाचा स्वप्नासाठी प्रवास’. विषय झकास आहे. पांढरपेशाचा पोरगा पाठीवर पिशवी टाकून हिमालयात जातो, त्याला म्हणतात स्वतःचा शोध. आपल्या जत तालुक्यातला माणूस बायकापोरं, भांडीकुंडी घेऊन ऊसतोडीला निघतो, त्याला म्हणतात टोळी. पायपीट दोघांचीही. पण एकाचं प्रवासवर्णन छापून येतं आणि दुसऱ्याच्या नावावर मुकादमाच्या वहीत उचल चढते.

मी विचारतो, आपल्या माणसाला वाट मोकळी होती कधी? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढं तो आपल्याही मुलखात आला. जमातीच्या जमाती जन्मापासून चोर ठरल्या. पोलीस पाटलाकडं हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर परवानगी काढायची. म्हंजे आपल्यासाठी प्रवास हाच गुन्हा! १९५२ साली तो कायदा गेला. नजर गेली का? शहरात खोली बघायला जा. घरमालक भाडं नंतर सांगतो, आडनाव आधी विचारतो.

अशा काळात वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. मांगाचं पोर. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची. पोरवयातच घरच्यांबरोबर पायी मुंबईला निघाले. तेव्हा डोळ्यांत कसलं स्वप्न असणार? पोटात भूक होती.

मुंबईनं हमाली दिली, गिरणी दिली, झोपडपट्टी दिली. पण तिथंच कामगार भेटले, लाल बावटा भेटला. या पोरानं स्टॅलिनग्राडचा पोवाडा रचला. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर कलापथक काढलं. १९५९ साली ‘फकिरा’ आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आणि १९६१ साली हा दीड दिवस शाळेत गेलेला माणूस रशियाला जाऊन आला. त्याचं पुस्तक लिहिलं. गावाबाहेर जायला ज्यांना परवानगी लागायची, त्यांच्यातला एक जण मॉस्कोत उभा राहिला!

माझं म्हणणं एवढंच आहे. अण्णा भाऊंनी ध्येय घरून भाकरीसारखं फडक्यात बांधून नेलं नव्हतं. ते त्यांना वाटेत, आपल्यासारख्याच राबणाऱ्या माणसांत सापडलं. रशिया बघून आल्यावरही त्यांनी ती माणसं सोडली नाहीत. १९६९ साली हा माणूस गरिबीतच गेला. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. ठीक आहे. पण जिवंतपणी त्यांची वास्तपुस्त किती जणांनी घेतली?

लांब कशाला, शेजारचं आटपाडी बघा. शंकरराव खरात तिथले. बाप गावचा तराळ. पोरगा वकील झाला, लेखक झाला. १९७५ साली मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पुढं त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ साली झाला, तर आपल्या वस्त्या पेटवल्या. नाव लागायला १९९४ उजाडलं. एकटा माणूस खुर्चीपर्यंत पोचला म्हणून समाज पोचत नाही, दोस्तांनो.

इथं अजून पाण्यासाठी झगडावं लागतं. तेव्हा गाव सोडणाऱ्याला मी अडवणार नाही. जा. पुण्याला जा, मुंबईला जा, परदेशी जा. आपल्याला कुठल्याच वेशीचं प्रेम नाही, आपण वेशीबाहेरचेच. पण तिथं पोचल्यावर आडनाव बदलून फ्लॅटचं दार लावून घेणार असाल, तर तो प्रवास नव्हे, ते पळणं झालं.

आणि मुंबई-पुण्याहून आलेल्यांनो, टाळ्या पुरे. खोलीत एक अंथरूण जादा ठेवा. नव्या पोराचा वसतिगृहाचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. टोळीबरोबर गेलेल्या पोरांची नावं शाळेच्या पटावर आहेत का, ते जाऊन बघा. अण्णा भाऊ पायी गेले. त्यांच्या मागून निघालेल्याला निदान उतरायची जागा तरी माहीत पाहिजे.

जय भीम!