पांढऱ्या पट्ट्यानंतर

कराटेच्या क्लासात मूल घातलं की आठवड्याभरात आपल्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, आमच्या पोट्ट्याले काळा बेल्ट कवा भेटन?" पांढऱ्याची घडीसुद्धा अजून मोडलेली नसते. आज मला काळ्याबद्दल बोलायचं नाही. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा या खालच्या पायऱ्यांबद्दलच बोलायचं आहे.

हे रंग फार जुने असतील असा समज आहे. तसं नाही. जिगोरो कानो यांनी ज्यूदोची कोदोकान ही शाळा १८८२ साली काढली आणि पुढच्याच वर्षी साइगो आणि तोमिता या दोन शिष्यांना पहिली दान, म्हणजे वरच्या दर्जाची, श्रेणी दिली. तेव्हा रंगांची ही उतरंड नव्हती. कराटेत गुरू फुनाकोशी यांनी पहिल्या दान श्रेणी दिल्या त्या १९२४ मध्ये. मधले रंग रुजले ते युरोपात. १९३५ मध्ये पॅरिसला गेलेले ज्यूदोचे शिक्षक कावाईशी यांनी ते तिथे चांगलेच रुजवले. वर्षानुवर्षं एकच पट्टा बांधून घाम गाळायला नवखा विद्यार्थी तयार होत नाही, म्हणून वाटेत हे मुक्काम आले. सोय म्हणून ते उत्तमच आहेत, पण ती सोय आहे एवढं लक्षात असावं.

आपल्या मातीतल्या कुस्तीत पट्टा नाही, म्हणून पायऱ्या नव्हत्या असं कोणी समजू नये. जत्रेतला फड आठवा. दुपारी आधी पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर. मग थोड्या रुपयांच्या, मग मोठ्या इनामाच्या आणि दिवस कलता मानाची शेवटची जोड. रेवडीवर लढणारं पोर एकदम शेवटच्या जोडीत कोणी सोडत नाही, कारण फडाभोवती बसलेलं सारं गाव बघत असतं. आपल्या देवळीचे रामदास तडस पुढे खासदार झाले, पण त्याआधी वर्धा जिल्ह्याला ते मल्ल म्हणून माहीत होते. ते नाव कुठल्या प्रमाणपत्राने मिळालेलं नाही.

मुलींसाठीही वर्ध्यात पायरीपायरीने शिकवण्याचं काम जुनं आहे. १९३६ च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकरांनी इथेच राष्ट्र सेविका समिती सुरू केली. तिच्या विचारांशी कोणाचं पटो न पटो, त्या काळी मुलींच्या हाती लाठी देणं सोपं नव्हतं. त्यांच्या शिक्षणवर्गांचीही चढण आहे : प्रवेश, प्रबोध, प्रवीण. अंगावर रंग नाही, पण आधी काय आणि नंतर काय हे पक्कं.

आता पांढऱ्या पट्ट्याच्या पोराकडे जरा जवळून बघू. मे महिना, आपलं वर्ध्याचं ऊन, म्हणून सकाळी सहालाच मैदानावर. पट्टा बांधायलाच पहिले काही दिवस जातात : दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत, गाठ सपाट बसली पाहिजे. मग उभं राहणं. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ, मागची टाच जमिनीला. टाच उचलली जातेच. मग कराटेच्या शोतोकान शैलीतला हेइआन शोदान हा काता, म्हणजे ठरलेल्या एकवीस हालचालींचा क्रम. तिसऱ्या वरच्या अडवणुकीला पोरगं मोठ्याने ओरडतं, आईबाप खूश होतात. खरी गंमत त्याच्या पुढच्या क्षणात आहे. तिथे डावीकडून पाऊण गिरकी घ्यायची असते. तोल नसेल तर पोरगं तिथे हमखास डगमगतं, नाही तर सरळ उलट्या बाजूला तोंड करतं. गिरकी घेऊन ते खांब रोवल्यासारखं उभं राहिलं की समजावं, पोरगं पुढे न्यायला हरकत नाही. याला कोणाला चार महिने लागतात, कोणाला वर्ष. कॅलेंडर बघून ठरवायची ही गोष्ट नाही.

आणि नेमकं कॅलेंडर बघूनच सगळं चाललंय. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी, पट्ट्याचे पैसे, फोटो, व्हॉट्सअॅपवर अभिनंदन. शिकवणाऱ्याचंही पोट आहे, हे मला कळतं. जागेचं भाडं फुकट येत नाही. पण फी घेतली म्हणजे पास केलंच पाहिजे, हा हिशेब फडात चालला नसता. ज्याची टाच अजून उचलली जाते त्याच्या कमरेला हिरवा पट्टा बांधला, तर समोर खरा हिरवा पट्टेवाला आल्यावर मार त्या पोरालाच बसतो, परीक्षकाला नाही.

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतील आणि बजाज चौकापासून आर्वी नाक्यापर्यंत क्लासच्या जाहिराती लागतील. नाव घालण्याआधी पालकांनी एकदा सकाळी मैदानावर यावं, शेवटच्या रांगेतली पांढऱ्या पट्ट्याची मुलं बघावीत आणि शिकवणाऱ्याला एवढंच विचारावं : "मागच्या परीक्षेत किती मुलं थांबवली?" एकही नाही, असं उत्तर आलं तर दुसरा क्लास बघावा.