‘मला जमेल’ या विश्वासाची जडणघडण



नववीतील विद्यार्थी बीजगणिताचे पुस्तक उघडतो, पहिल्याच समीकरणाशी अडतो आणि ‘मला गणित येत नाही’ असे म्हणून ते मिटतो. घरची मंडळी त्याला आळशी ठरवितात. वस्तुतः त्याने पराभव आधीच मान्य केलेला असतो. हा पराभव वेळीच पुसला गेला नाही, तर पुढील शिक्षणाच्या कित्येक वाटा तो आपल्याच हाताने बंद करतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा (१९२५–२०२१) यांनी १९७७ साली या विषयाची तात्त्विक मांडणी केली. अमुक एक कार्य आपल्या हातून पार पडेल, या विश्वासावर माणसाचे प्रयत्न आणि अपयशापुढील चिकाटी अवलंबून असते. हा विश्वास कार्यागणिक वेगळा असतो. निबंधात निर्धास्त असणारा मुलगा भूमितीपुढे गर्भगळीत होतो. बंडुरांनी त्याचे चार उगम सांगितले: स्वतः मिळविलेले यश, आपल्यासारख्याच दुसऱ्याचे यश पाहणे, इतरांचे उत्तेजन आणि शरीरमनाची अवस्था. यांत पहिला सर्वांत प्रभावी.

बंडुरा आणि डेल शंक यांचा १९८१ मधील प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. वजाबाकीत मागे पडलेल्या मुलांना सात बैठकांसाठी ४२ पानांचा स्वाध्याय देण्यात आला. एका गटाला दर बैठकीस सहा पानांचे उद्दिष्ट होते, दुसऱ्याला अखेरीस सगळी ४२ पाने संपविण्याचे. काम तेच, परंतु पहिल्या गटाचे कौशल्य, विश्वास आणि विषयाची गोडी अधिक वाढली. ही मुले प्राथमिक वयाची होती; तथापि माध्यमिक विद्यार्थ्याच्या अभ्यासालाही त्यातून दिशा मिळते.

ग्रंथालये दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतात. तो योग्यच; पण नव्वद टक्क्यांचा मानकरी पाहून काठावरच्या मुलाला तो ‘आपल्यासारखा’ वाटत नाही. म्हणून एकदा अनुत्तीर्ण होऊन, नेटाने पुन्हा बसून यशस्वी झालेल्या विद्यार्थ्यालाही अभ्यासिकेत बोलवावे. त्याने नववीच्या मुलाशेजारी बसून आठवीची चार उदाहरणे आधी सोडवून घ्यावीत. ती स्वतः सुटली की पाचव्याला हात घालण्याचे बळ येते. कोरड्या उपदेशाने ते येत नाही.

ग्रंथालयाने शंभर वर्षे पुस्तके जपली. मिटलेले पुस्तक पुन्हा उघडणारा एक विद्यार्थी घडविणे, हेही त्याच व्रताचे अंग होय.