साठी आणि बुद्धी

घरातले म्हातारे माणूस काही विसरले, की आपण सहज म्हणून जातो, "साठी बुद्धी नाठी!" ही म्हण खरी नाही, आणि तिच्यापायी नुकसान होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचे दिसले. बाकी त्र्याण्णव जणांना तो नाही. उलट, डॉक्टर आल्झायमर यांनी १९०६ साली ज्या बाईचा आजार जगापुढे मांडला, ती फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. वयाबरोबर धोका वाढतो, हे खरे. पण स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपण नव्हे, तो रोग आहे.

हा रोग करतो काय? आपल्या भंडारा जिल्ह्यात तलावाचे पाणी पाटाने धानाच्या बांधीत येते. पाट बुजला तर नवे पाणी येत नाही. आधी साचलेले मात्र काही दिवस टिकते. आल्झायमरच्या रोगात नवी आठवण साठवणारा मेंदूचा भाग बहुधा आधी झिजतो. म्हणून आजीला लग्नाची वरात आठवते, पण सकाळचे जेवण आठवत नाही. ती शेजारणीला सांगते, "सून मला जेवायला देत नाही गं." गाव सुनेला नावे ठेवते. इथे आजी खोटे बोलत नाही आणि सून तिला उपाशीही ठेवत नाही. जेवल्याची नोंदच मेंदूत झालेली नसते.

सगळ्यांचे दुखणे एकच नसते. रक्तदाब वाढून मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्या, तरीही बुद्धी मंदावते. कंपवातात आधी हात थरथरतो, चाल मंद होते. विसर पडला तर तो बहुधा नंतर.

आता महत्त्वाचे ऐका. विसरण्याची काही कारणे बरी होणारी असतात: थायरॉइडचा बिघाड, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी, एखादे औषध, पडल्यावर डोक्यात साकळलेले रक्त. म्हणून भगताकडे न जाता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पुढची तपासणी लागली तर भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय आहे. आणि माणूस एक-दोन दिवसांतच एकाएकी भ्रमिष्टासारखे वागू लागले, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आल्झायमरचा रोग मुळापासून बरा करणारे औषध अजून नाही. औषधांनी काहींना थोडा आधार मिळतो. खरा आधार घरचा. "आत्ताच तर जेवलीस!" म्हणून वाद घालू नका. मूठभर मुरमुरे हातावर ठेवा, बोलणे दुसरीकडे वळवा. उठणे, आंघोळ, जेवण ठरल्या वेळी होऊ द्या. विहीर-तलावाकडे एकटे जाऊ देऊ नका. खिशात नाव, गाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. समजल्याशिवाय कागदावर अंगठा घेऊ नका. आणि सेवेचा भार एकट्या सुनेवर टाकू नका. मुलांनीही पाळी घ्यावी. सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही मदतवाहिनी आहे.

तरुणांनी आतापासून रक्तदाब, मधुमेह सांभाळावा, विडी सोडावी. ऐकू कमी येत असेल तर कान तपासावेत. त्यानेही धोका कमी होतो.

गुरुजींना एक विनंती. गावात तुमचा शब्द चालतो. पारावर कुणी अशा आजीची थट्टा केली, किंवा तिच्या सुनेला बोल लावला, तर एवढे सांगा: हा दोष दोघींचाही नाही.